आईसाठी केलेला माग आणि दारातली मारुती



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. विषय एकच होता, गटानं गाडी घ्यायची की नाही. चटणी, भडंग आणि पापड घेऊन आम्ही आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जातो. एसटीत पोती चढवायची, कंडक्टरची बोलणी खायची, नाहीतर वडापवाल्याला जादा पैसे मोजायचे. कुणीतरी म्हणालं, जुनी ईको बघू या, सुझुकीची. तेव्हा आमच्या गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या अक्का म्हणाल्या, "ही सुझुकी कोण गं? कंपनीच्या मालकिणीचं नाव काय?"

सगळ्या हसल्या. पण खरं सांगते, उत्तर आमच्यापैकी एकीलाही येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या गाड्या आपल्या गावातनं फिरतायत, वरातीत, दवाखान्याच्या दारात, शाळेपुढं, बाजारात, त्यांच्या मागं लिहिलेलं नाव कुणाचं हे आपण कधी विचारलंच नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहे.

सुझुकी हे जपानमधलं आडनाव आहे. आपल्याकडं पाटील, जाधव जितके सापडतील तितके तिकडं सुझुकी. ज्या दोन अक्षरांनी ते लिहितात, त्यातल्या एकाचा अर्थ घंटी आणि दुसऱ्याचा झाड. म्हणजे अक्का, मालकीण नव्हे. पण या गोष्टीच्या सुरुवातीला एक बाई आहेच. त्या कंपनीच्या पहिल्या मालकाची आई.

जपानच्या मधल्या भागात, समुद्राच्या काठाला हामामात्सु नावाचं शहर आहे. आजूबाजूचा मुलूख पूर्वी कापसाचा. शेतात कापूस आणि घराघरांत हातमाग. माग चालवायच्या बायका. या मुलखातल्या एका खेड्यात १८८७ साली एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी मिचिओ सुझुकी जन्मला. चौदाव्या वर्षी त्याला एका सुताराकडं काम शिकायला ठेवलं, सात वर्षांच्या करारावर. १९०४ साली जपान आणि रशियाचं युद्ध पेटलं, बांधकामं थांबली, तेव्हा त्याच्या उस्तादानं माग बनवायचं काम धरलं. पोरगाही त्यात तयार झाला.

करार संपला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १९०८ साली त्यानं पायानं चालवायचा एक लाकडी माग केला आणि तो आईला दिला. आई त्यावर विणायला बसली. शेजारच्या बायकांपेक्षा तिचं कापड कितीतरी भरभर निघायला लागलं. शेजारणी बघायला आल्या, आणि मग मलाही एक करून दे म्हणायला लागल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यानं घरचा रेशीमकिड्यांचा गोठा रिकामा करून तिथं कारखाना काढला. आपल्याकडं ज्या बायका तुतीची पानं तोडतात, चंद्रिका लावतात, त्यांना तो गोठा कसा असेल हे मी सांगायला नको.

मला ही गोष्ट वाचताना माझं लहानपण आठवलं. माझं माहेर इचलकरंजीजवळचं. तिथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. म्हणजे तिकडं मिचिओ सुतारकाम शिकत होता त्याच काळात इकडं आपला खडखडाट सुरू झाला. माझी आई कांड्या भरायची. आम्ही पोरी शाळेतनं आलो की तिच्याशेजारी बसायचो. धोट्यातली कांडी संपली की माग थांबवायचा, बदलायची, पुन्हा सुरू. रंग बदलायचा असला तरी तेच. मिचिओनं नेमकं इथं डोकं चालवलं. दोन धोटे घालून त्यानं माग असा केला की रंगीत पट्ट्याचं कापड न थांबता विणता यावं. ज्यानं माग पाहिला आहे, त्यालाच त्यात किती वेळ वाचला हे कळेल. पुढं त्यानं लुंगीसारख्या सारोंगच्या चौकड्यांचं कापड विणायचे माग केले, आणि ते आग्नेय आशियातल्या देशांत गेले. त्याच्या नावावर शंभराहून जास्त शोध आहेत असं सांगतात.

आणि गंमत बघा, त्याच मुलखात, काही कोसांवरच्या एका खेड्यात, त्याच्या वीस वर्षं आधी साकिची तोयोदा नावाचा सुताराचा मुलगा जन्मला होता. त्यानंही आईचे मागावरचे कष्ट बघून माग सुधारायला घेतला. त्याच्या घराण्यातनं पुढं टोयोटा निघाली. दोन मोठ्या गाडी कंपन्या, आणि दोन्हींची मुळं मागाच्या खड्ड्यात. आपण मात्र गाडी म्हटलं की ते पुरुषांचं काम असं धरून चालतो.

मागाचं एक दुखणं होतं. चांगला माग वीस-तीस वर्षं मोडत नाही. मग गिऱ्हाईक परत येणार कधी? मिचिओनं १९३७ च्या सुमारास ठरवलं की आता गाडी करायची. इंग्लंडमधली ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी गाडी विकत आणून त्यांनी ती पूर्ण खोलली आणि बघितली. नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या, पण महायुद्ध आलं. कारखाना युद्धाच्या कामाला लागला. १९४४ च्या डिसेंबरात तिथं मोठा भूकंप झाला, पुढच्या वर्षी हामामात्सुवर बॉम्ब पडले. युद्ध संपलं तेव्हा या लोकांनी नांगराची अवजारं, शेगड्या, हाताला येईल ते बनवून दिवस काढले. पुन्हा माग सुरू केले, तर कापसाचा बाजार पडला. १९५० साली कामगारांचा मोठा तंटा झाला. कंपनी बुडता बुडता राहिली.

इथून पुढची गोष्ट जावयांची आहे. मिचिओनं आपल्या मुलीशी लग्न केलेल्या शुन्झो नावाच्या मुलाला दत्तक घेतलं, आडनाव दिलं, आणि पुढं धंदा त्याच्या हातात दिला. जपानमध्ये ही जुनी रीत आहे. आपल्याकडं घरजावई म्हटलं की लगेच माणूस गालातल्या गालात हसतो. तिकडं त्यात कमीपणा नाही, उलट कर्तबगार मुलगा बघून त्याला घराणं चालवायला घेतात. सुझुकीत एकापाठोपाठ एक तीन जावयांनी कंपनी सांभाळली. तिसरे ओसामु, त्यांच्याबद्दल पुढं सांगते.

तर शुन्झोला मासे धरायचा नाद. हामामात्सुचा वारा फार अवखळ. सायकलवरनं, वाऱ्याच्या तोंडाला, पेडल मारत घरी येता येता त्याच्या मनात आलं, हिला एक छोटं इंजिन लावलं तर? १९५२ साली त्यांनी ३६ सीसीचं इंजिन लावलेली सायकल बाजारात आणली. नुसतं पेडल मारा, नुसतं इंजिन चालवा, किंवा दोन्ही एकदम करा, तिन्ही सोयी तिला होत्या. ती खपली. १९५५ साली त्यांची पहिली चारचाकी आली, सुझुलाइट, ३६० सीसीची. तिचा नमुना तोक्योला दाखवायला नेताना वाटेत हाकोनेचा घाट लागतो. घाटात गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. ज्या व्यापाऱ्याला दाखवायची तो रात्री उशिरापर्यंत थांबला होता म्हणून बरं. नंतर ती पास झाली.

जपान सरकारनं त्या काळात छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग केला होता. त्याला ते केई म्हणतात, केई म्हणजे हलकं. इंजिन एवढंच, लांबी-रुंदी एवढीच, आणि बदल्यात कर कमी. युद्धानं कंबर मोडलेल्या लोकांना चार चाकं परवडावीत म्हणून. तेव्हा ३६० सीसीची हद्द होती, १९७६ ला ५५० झाली, १९९० ला ६६०. या गाड्यांची नंबरप्लेट पिवळी. आपल्याकडं पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, तिकडं पिवळी पाटी म्हणजे घरची छोटी गाडी. सुझुकीचा सगळा जीव या वर्गात. १९६१ ला त्यांनी कॅरी नावाचा छोटा ट्रक काढला. जपानच्या कुठल्याही खेड्यात गेलात तर बांधावर असा पांढरा छोटा ट्रक उभा दिसतो. मागं कोबीच्या, मुळ्याच्या पाट्या आणि चाकामागं पुष्कळदा एखादी म्हातारी. तरुण मंडळी शहरात गेली, बस कमी झाल्या, शेत सोडवत नाही. मग आजी स्वतः चालवते. आपल्याकडं बैलगाडी हाकणाऱ्या बायका होत्याच की. चाकं चार झाली आणि हात कसे थरथरायला लागले, हे मला कोडं आहे.

आता ओसामु. जन्म १९३० चा, मूळ आडनाव मात्सुदा, बँकेत नोकरी. शुन्झोच्या मुलीशी, शोकोशी, लग्न झालं आणि तो सुझुकी झाला. १९५८ ला कंपनीत आला, १९७८ ला प्रमुख झाला, तेव्हा कंपनीची अवस्था नाजूक होती. धुराचे नियम कडक झाले होते आणि यांचं नवं इंजिन त्यात बसत नव्हतं. त्याआधी एकदा तर टोयोटाच्या एइजी तोयोदांच्या दारात जाऊन विनवणी करावी लागली, तेव्हा टोयोटाच्या गटातल्या दाइहात्सुकडनं इंजिनं मिळाली. धंद्यातला स्पर्धक, पण एकाच मुलखातली माणसं. शेजारधर्म म्हणायचा.

१९७९ च्या मे महिन्यात ओसामुनं आल्टो आणली. किंमत ४ लाख ७० हजार येन. त्या वेळच्या इतर गाड्यांपेक्षा इतकी कमी की लोकांचा विश्वास बसेना. युक्ती साधी होती. घरगुती गाडीवर कर होता आणि मालवाहू गाडीवर तो नव्हता. गाडीत बहुतेक वेळा एक नाहीतर दोन माणसंच बसतात. मग मागची सीट नावापुरती ठेवून ती कागदावर मालवाहू केली. गरज नसलेली प्रत्येक वस्तू काढून टाकली. आल्टो घ्यायला पुढं आल्या त्यांत बायका पुष्कळ होत्या. बाजार आणायचा, पोरं शाळेत सोडायची, कामावर जायचं, यासाठी नवऱ्याच्या गाडीची वाट बघायला नको. ओसामुंनी नावावरही कोटी केली होती. जपानी भाषेत "कधी" या शब्दाचा उच्चार "अरु तोकी" असा काहीसा होतो. कधी फिरायला, कधी कामावर, कधी बाजाराला, म्हणून आल्टो.

हा माणूस स्वतःला छोट्या कारखान्याचा म्हातारा मालक म्हणवून घ्यायचा. कारखान्यात फिरताना विनाकारण जळणारे दिवे बंद करत जायचा. प्रत्येक सुट्या भागात एक ग्रॅम वजन आणि एक येन खर्च वाचवा, असं त्यानं कामगारांना सांगितलं होतं. वाचून मला आमच्या पापडाचा हिशेब आठवला. एका पापडामागं पाव ग्रॅम पीठ जास्त गेलं तर महिन्याला किती जातं, हे आमच्या खजिनदार ताई दर बैठकीत सांगतात आणि आम्ही कंटाळतो.

आता आपल्याकडं येऊ. मारुती हे नाव आधीचं. संजय गांधींनी १९७१ साली स्वस्त भारतीय गाडीसाठी मारुती कंपनी काढली होती. गाडी काही रस्त्यावर आली नाही आणि कंपनी मोडीत निघाली. १९८१ च्या फेब्रुवारीत सरकारनं मारुती उद्योग नावानं नवी कंपनी काढली आणि परदेशी भागीदार शोधायला सुरुवात केली. मोठ्या मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली. शेवटी २ ऑक्टोबर १९८२ ला सुझुकीशी करार झाला. सुझुकी तेव्हा जपानमध्येही लहानच कंपनी होती. तिनं २६ टक्के भाग घेतला. लोक ओसामुंना वेड्यात काढत होते. नंतर सुझुकीचा हिस्सा वाढत वाढत अर्ध्याच्या वर गेला आणि आज त्यांचा सर्वांत मोठा बाजार भारत आहे. २००७ ला आपल्या सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले, आणि त्यानंतर पद्मविभूषण जाहीर झालं.

गुरगावच्या कारखान्यात जपानी पद्धत आली. साहेब आणि कामगार एकाच रंगाच्या कपड्यात, जेवण एकाच कँटीनमध्ये, सकाळी सगळ्यांनी व्यायाम. त्या काळच्या भारतात साहेबानं रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, ही बातमीच होती.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० बाहेर पडली. दिल्लीतल्या, विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा नंबर लागला होता. इंदिरा गांधींनी त्यांच्या हातात किल्ली दिली. किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर. दहा हजार रुपये आगाऊ भरून नाव नोंदवायचं होतं, तरी लाखावर लोकांनी नोंदवलं. आणि त्या गृहस्थांनी ती गाडी जन्मभर विकली नाही. ते गेल्यावर ती अंगणात गंजत पडली होती, नंतर कंपनीनं तिची डागडुजी करून जपून ठेवली.

त्याआधी गाडी म्हणजे अॅम्बॅसिडर नाहीतर फियाट. नोंदवली की वर्षानुवर्षं थांबायचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, क्लच जड, हिवाळ्यात सुरू व्हायला मिनतवाऱ्या. मारुती पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. गिअर खाली, हाताशी. स्टिअरिंग हलकं, वळायला जागा थोडी. शहरातल्या कितीतरी बायका पहिल्यांदा चाकामागं बसल्या त्या या गाडीत. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, कुठल्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री डोळे मिटून खोलेल असं. २०१४ पर्यंत ती बनत होती, आणि पंचवीस लाखांहून जास्त विकली गेली.

१९८४ ला आली मारुती व्हॅन, तीच पुढं ओम्नी. सरकत्या दाराची. हिंदी सिनेमात पळवापळवी करायला हीच गाडी, त्यामुळं बिचारीचं नाव बद्दू झालं. गावात तिनं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. सीटा काढल्या की भाजीची गाडी, घातल्या की वऱ्हाडाची, गादी टाकली की दवाखान्याची. एका सोसायटीचं दूध आणि सोसायटीच्या चेअरमनची सून एकाच ओम्नीतनं तालुक्याला जाताना मी बघितली आहे. २०१९ ला ओम्नी बंद झाली आणि आता तिच्या जागी ईको आहे, २०१० पासून.

माझ्या घरी १९९८ ला मारुती ८०० आली. पांढरी, जुनी, तिसऱ्या हातातली. आमच्या ह्यांनी ऊसबिलातनं घेतली. शेजारी बघायला आले, सासूबाईंनी नारळ फोडला. मला त्या गाडीचं कौतुक होतं, पण मागच्या सीटवरनं. पुढं बसायचीसुद्धा चाल नव्हती.

पुढच्या वर्षी श्रावणात एका रात्री जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. दिवस भरायला तीन आठवडे होते. आमचे हे आणि भाऊजी, दोघंही पंढरपूरच्या बाजूला एका मयतीला गेलेले. गाडी दारात होती. किल्ली खुंटीला होती. घरात आम्ही तिघी बायका आणि चालवायला येणारं कुणी नाही. मी वळणावरच्या घरापर्यंत पळत गेले, तिथला मुलगा गावात नव्हता. शेवटी दुसऱ्या वस्तीवरनं एका पोराला उठवून आणलं. त्यात दोन तास गेले. जाऊबाई वाचल्या. बाळ राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, उशिरामुळंच असं झालं असं सांगता येत नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तरी त्या दोन तासांत खुंटीला लटकलेली किल्ली मला अजून दिसते.

त्या दिवाळीनंतर मी चालवायला शिकले. वय सदतीस. ह्यांनी नाही म्हटलं नाही, शिकवायलाही आले नाहीत. वस्तीवरच्या त्याच पोरानं शिकवलं, ऊस तुटलेल्या रानात. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बांधावर गडी माणसं बसून बघायची. तिसऱ्या आठवड्यात मी मागं घेता घेता तुळशीवृंदावनाचा कोपरा पाडला. घर गप्प झालं. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "कट्टा तसाही बांधायचाच होता." आत गेल्या. त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. त्या गाडीनं मी दोन बाळंतपणं, एक सर्पदंश आणि गणती नसलेली दहावीची पोरं पोचवली. २०११ ला विकली. घेतली त्याच्यापेक्षा फार कमी आली नाही, हेही सांगायला पाहिजे. जुनी गाडी घेताना परत काय येईल हे बघावं लागतं, आणि सुटे भाग जवळ मिळतात का हेही.

आता कौतुकाची दुसरी बाजू. हलकी, स्वस्त गाडी म्हणजे पातळ पत्रा. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर धडकवून तपासल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, त्यात आल्टो ८०० होती. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. २०१६ ला ईकोचंही तेच झालं. ओम्नीत आणि ईकोत चालक जवळजवळ नाकाडावर बसतो. समोरनं धडक बसली तर आधी पाय सापडतात. आता नव्या गाड्यांना पुढं दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या आहेत, पण आपण घेतो त्या जुन्या. आणि सात जणांच्या गाडीत शाळेची सोळा पोरं आपणच बसवतो. तिथं कंपनी काय करणार.

कारखान्याची गोष्टही पूर्ण सांगायला हवी. साहेब-कामगार एका कँटीनमध्ये जेवले, ते खरं. पण पुढं मानेसरच्या दुसऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार वाढले, त्यांना कमी पगार. स्वतःची युनियन मिळावी म्हणून २०११ ला संप झाले. १८ जुलै २०१२ ला तिथं मोठा हिंसाचार झाला, जाळपोळ झाली, आणि मनुष्यबळ विभागाचे एक अधिकारी जिवानिशी गेले. शेकड्यानं कामगारांना काढलं, कित्येक जण तुरुंगात वर्षं काढून बसले. २०१७ ला कोर्टानं १३ जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांना निर्दोष सोडलं. सुटलेल्यांची ती वर्षं कोण देणार? आणि त्या अधिकाऱ्याच्या घरच्यांना कोण काय देणार? सकाळच्या एकत्र व्यायामानं हे तंटे मिटत नाहीत. हामामात्सुतही १९५० ला मिटले नव्हते.

तर आमच्या गाडीचं काय झालं? आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी पहिला प्रश्न केला, गाडी चालवणार कोण? आम्ही म्हणालो, आम्हीच. ते म्हणाले, मग मिस्टरांना घेऊन या. बारा बायकांच्या बारा मिस्टरांना आणायचं तर ईको पुरणार नाही, मोठी बस लागेल, असं आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, आत नाही. आत आम्ही गप्प होतो. आता दुसऱ्या बँकेत गटाच्या सहा वर्षांच्या वह्या घेऊन जाणार आहोत.

चालवण्याबद्दल एक माहिती, पुष्कळजणी विचारतात म्हणून. हलक्या वाहनाचा साधा परवाना असेल तर साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळं मालाची छोटी गाडी असली तरी घाबरायचं कारण नाही. मात्र गाडीचा विमा, पासिंग आणि नाव कुणाचं, हे तीन कागद घेण्याआधी स्वतः वाचा. नाव गटाचं पाहिजे. एकीच्या नवऱ्याच्या नावावर घेऊन नंतर भांडण झालेला एक गट मला माहीत आहे.

परवा मी अक्कांना ही सगळी गोष्ट सांगितली. माग, मासे, जावई, आल्टो, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तोंडातली सुपारी एका गालातनं दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाल्या, "म्हणजे माग लेकानं केला आणि गाडी जावयानं. मग सून काय करत होती?"

आमची बैठक सोमवारी दुपारी तीनला आहे. शिकाऊ परवान्यासाठी तिघींनी नावं दिली आहेत. त्यातली एक माझ्या जाऊबाई.